मागच्या शॉकअपची हवा

मोटरसायकल टेम्पोतून उतरवून आत ढकलली, तेव्हा मिस्त्रीण आपल्या गॅरेजच्या दारात उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. एरवी गाडी आत आली की तिचा हात आपोआप हँडलकडे जायचा. आज डावा हात कमरेवर ठेवून ती नुसती बघत राहिली. एक आरसा गेला होता, फूटरेस्ट वाकला होता, टाकीवर लांब ओरखडा. बाकी गाडी धड होती. घर तेवढं धड नव्हतं.

गाडी तिच्या धाकट्या दिराची. जुनी, दणकट, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. मागच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या जोडीला हवा भरायची सोय होती. मागे माणूस किंवा ओझं असलं की हवा वाढवायची, म्हणजे गाडी मागून बसत नाही. त्या दिवशी मिस्त्रीण दिराच्या मागे डबलसीट होती आणि मागच्या कॅरियरवर ब्रेकच्या सामानाची जड पेटी बांधलेली होती. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर रस्ता उखडला होता. तिथे गाडी वेडीवाकडी झाली आणि दोघं आडवे. धाकट्याचं गुडघे खरचटण्यावर निभावलं. हिचं मनगट मोडलं.

"मागून एकदम खाली बसली रे दादा, देवाशपथ," धाकटा दवाखान्यातच म्हणाला होता.

"बसली नाही. तू उडवलीस," थोरला म्हणाला होता. "तुझा वेग काय मला नवा आहे?"

थोरला म्हणजे मिस्त्रिणीचा नवरा. गॅरेजला लागूनच त्याची शेड होती. लोखंडी दारं, खिडक्यांच्या जाळ्या, जिने, सगळं तो स्वतः बनवायचा. रागावला की कमी बोलायचा, आणि तेच जास्त लागायचं. त्या संध्याकाळी बायकोला घरी आणून बसवल्यावर तो भावाला एवढंच म्हणाला, "तुझी दुसरीकडे कुठे सोय होते का बघ." धाकटा वरच्या खोलीत गेला. वर कपाट उघडल्याचा, बॅग ओढल्याचा आवाज आला. कुणी जेवायला हाक मारली नाही आणि कुणी उतरलंही नाही.

मिस्त्रिणीला नेमकं काय झालं ते आठवत नव्हतं. वळण आठवत होतं, धाकट्याची पाठ आठवत होती, आणि मग थेट तोंडाजवळची खडी. मधलं सगळं कोरं. दोघंही भाऊ आपापल्या परीने तिच्याकडे बघायचे, की हिने काहीतरी सांगावं. ती सांगणार काय? म्हणून तिने गाडी मागवून घेतली.

"तुम्ही दोघं भांडत बसा," ती म्हणाली होती. "मला गाडीलाच विचारू दे."

आता गाडी समोर होती आणि धाकटा आधीच खाली वाकला होता. त्याच्या हातात चाकातली हवा बघायचा गेज.

"भावजी, तो लावू नका!"

उशीर झाला होता. फुस्स. धाकट्याने गेज वर धरला. "बघा वहिनी! काटा जेमतेम हलला. हवाच नव्हती आत!"

"अहो, शॉकअपमध्ये हवा असते ती केवढी? वाटीभर. हा गेज लावता लावताच अर्धी बाहेर जाते. आता आत किती होती ते कुणी सांगावं?"

शेडच्या दारातून थोरला हे बघत होता. तो म्हणाला, "आणि गाडी तर पडली तेव्हापासून ह्याच्याच मित्राच्या दारात होती. हवा काय, व्हॉल्व्ह दाबला की जाते."

धाकटा सावकाश उभा राहिला. "म्हणजे? मी मुद्दाम सोडली?"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

"पुरे," मिस्त्रीण म्हणाली. "फळीवरचा छोटा हातपंप आणा. घड्याळवाला."

तिचा एक हात निकामी, म्हणून पंप धाकट्याच्या हातात. ती शेजारी स्टुलावर बसून सांगत होती. हळू. अजून. आता थांबा. काटा हवा तिथे आला, तेव्हा तिने पंप काढून पुन्हा लावायला सांगितला. काटा किंचित उतरला. "एवढी पंपाच्या नळीत जाते. ही गळती नाही. हे लक्षात ठेवा, उद्या ह्यावरून वाद नको." मग तिने गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या झोळीत टाकली. दोघांनीही ते पाहिलं. दोघांनाही ते लागलं.

सकाळी तिघं एकत्रच आत गेले. धाकट्याने पंप लावला. काटा कालच्या जागी. केसभर खाली, नळीत गेली तेवढीच.

थोरल्याने भुवया तेवढ्या उचलल्या.

"साबणाचं पाणी," मिस्त्रीण म्हणाली.

धाकट्याने बाजूचं झाकण काढलं. सीटखालच्या व्हॉल्व्हवर फेस लावला. व्हॉल्व्हपासून शॉकअपपर्यंत जाणारी बारीक काळी नळी बोटाबोटाने भिजवली. नळी शॉकअपला जिथे जोडली होती तो पितळी सांधा भिजवला. शेवटी शॉकअपचा दांडा ज्या सीलमधून आतबाहेर होतो, तिथे. तिथे मिस्त्रीण स्वतः वाकली. मनगटात कळ आली तरी वाकूनच राहिली.

ते सील तिनेच बदललं होतं. अलीकडेच. तेव्हा धाकट्याने सहज म्हटलं होतं, मागून थोडं तेल दिसतंय, आणि तिने शॉकअप उतरवून, दांडा पुसून, नवं सील बसवलं होतं. दांड्यावर कुठे बारीक खड्डा असेल तर? तेवढाच खड्डा सीलखाली आला की हवा जाणार, पुढे सरकला की बंद. बसवताना सीलची कड दुमडली असेल तर? पडल्यापासून हा विचार तिच्या डोक्यात होता आणि तिने तो कुणाला सांगितला नव्हता. वडिलांच्या हाताखाली ती हे काम शिकली होती. बाईमाणसाच्या हाती गाडी द्यायची का म्हणून परत गेलेली गिऱ्हाइकं तिने पुन्हा फिरून येताना पाहिली होती. आपल्या हातच्या कामाने आपलंच मनगट मोडलं, हे बाहेर पडलं तर काय तोंड दाखवायचं?

एकही बुडबुडा आला नाही.

"झालं?" थोरला म्हणाला. "शॉकअप ठणठणीत आहे."

"उभ्या गाडीचा ठणठणीत आहे," मिस्त्रीण म्हणाली. "पडली ती चालती गाडी."

"मग मी चालवतो. हा मागे बसेल."

"नाही. चालवतील भावजीच. तुम्ही मागे बसा. त्यांच्या खांद्यावरून काटा दिसतो, वेग किती तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाहीतर परत येऊन म्हणाल, माझ्या हातात नीट चालली."

 गेले काही दिवस थोरला भावाशेजारी जेवायलाही बसला नव्हता. आता त्याच्या पाठीला चिकटून बसायचं. धाकट्याने हेल्मेट चढवलं.  बक्कल दुसऱ्या प्रयत्नात लागलं.

गोदामांच्या मागचा रस्ता रिकामा असायचा. सरळ, दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये एक उंच गतिरोधक. मिस्त्रीण त्याच्या अलीकडे, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "सायकलच्या वेगाने यायचं," तिने बजावलं होतं. "गतिरोधकाआधी ब्रेक नको. आणि काही वेगळं वाटलं तर हिरोगिरी करायची नाही, पाय टेकायचे."

गाडी आली. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. गाडी मागून दबली आणि नीट वर आली. हवा तपासली. होती तितकीच.

पुन्हा एकदा. तेच.

थोरला उतरला. "अजून काय बघायचं राहिलंय?" आवाज चढलेला नव्हता, पण त्यात आता खात्री होती. "तुला त्याला वाचवायचंय, मला कळतं. पण दुखतंय तुला. हात मोडलाय तुझा."

"मला कुणाला वाचवायचं नाहीये!" ती इतक्या जोरात ओरडली, की गोदामाचा पहारेकरी बाहेर येऊन बघायला लागला. तिने आवाज खाली आणला. "मला माहीत करून घ्यायचंय. तेवढंच."

धाकटा हँडलवर वाकून बसला होता. हेल्मेटच्या आतून तो म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. नका दमू. मी जातो दुसरीकडे. सोय झालीये माझी."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग गाडीच्या मागच्या भागाकडे. रिकामं कॅरियर. काळा रंग दिलेले जाड पाईप, सफाईदार जोड, थोरल्याच्या हातचं काम. तिच्यासाठीच केलेलं. सामान आणताना पेटी मांडीवर घेऊन बसावं लागतं, म्हणून.

"पेटी," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी मागे पेटी होती. आपण पेटी बांधलीच नाही."

"मी तुझ्यापेक्षा जड आहे," थोरला म्हणाला. "वजन सारखंच झालं."

"वजन सारखं. जागा सारखी नाही. पेटी घेऊन या."

थोरला पेटी घेऊन येईपर्यंत दोघं दीर-भावजय भिंतीच्या सावलीत उभे राहिले.  मिस्त्रिणीच्या मनात एकच चाललं होतं: आता गेली हवा, तर सीलमधून जाईल. जाऊ दे. माझं असेल तर माझं. 

पेटी दोरीने आवळून बांधली. थोरला बसला. गाडी लांब जाऊन वळली आणि यायला लागली. तितक्याच वेगाने. 

पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं. पेटी कॅरियरवर उसळून धाडकन आपटली, आणि त्या आवाजाच्या पोटात एक दुसरा आवाज आला. शिट्टीसारखा. गाडी मागून खाली गेली आणि वर आलीच नाही. टायर मडगार्डला घासल्याचा कर्कश आवाज, हँडल डावीकडे, उजवीकडे. थोरल्याने दोन्ही हातांनी भावाला कवटाळलं. गाडी भिंतीकडे निघाली.

"पाय!" मिस्त्रीण किंचाळली.

चार पाय एकदम रस्त्याला टेकले. चपला घासत, धूळ उडवत गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.

कुणी हललं नाही. थोरल्याचे हात अजून भावाच्या पोटाभोवती होते. मग ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते काढून घेतले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती होता वेग?" मिस्त्रिणीने विचारलं.

"काहीच नव्हता," थोरला म्हणाला. मग पुन्हा एकदा, "काहीच नव्हता वेग."

धाकट्याने हेल्मेट काढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते भीतीचं होतं की कशाचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी ढकलत परत आणली. पंपाने तपासलं तर आत नावालाच हवा. पुन्हा भरली, पुन्हा फेस लावला. पुन्हा एकही बुडबुडा नाही. मिस्त्रीण स्टुलावर बसली. आता सांगून टाकायची वेळ आली होती.

"सील मी बदललं होतं," ती म्हणाली. "दाबलं की जाते आणि उभी केली की धरते, म्हणजे बहुतेक तेच. मला पहिल्या दिवसापासून शंका होती."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. "हट्, तुझ्या हातून असं होईल?" तो लगेच म्हणाला. "कंपनीचंच सील खराब असेल. आणि असलं तुझं, तरी काय झालं? चूक माणसाच्याच हातून होते."

धाकटा बॅटरी पेटवून खाली पालथा पडला होता. तो म्हणाला, "वहिनी, इकडे या. ह्या पितळी सांध्यावर हे काय आहे?"

ती गुडघ्यावर बसली. नळीच्या सांध्यावर, वरच्या अंगाला, एक ओरखडा होता. ताजा, सोन्यासारखा चमकणारा. काहीतरी वरून येऊन त्याला आदळलं होतं, एकदा नाही, बऱ्याच वेळा. बॅटरीचा उजेड तिथून सरळ वर गेला. सांध्याच्या बरोबर वर कॅरियरचा पाय होता, आणि त्या पायातून आरपार आलेला बोल्ट. नटच्या बाहेर त्याचं शेपूट चांगलं बोटभर लोंबत होतं. टोकाला पितळेचा पिवळा डाग.

मिस्त्रिणीला सगळं एका दमात दिसलं. शॉकअप दबला की सांधा वर येतो. पेटी आपटली की कॅरियरचा पाय खाली वाकतो. दोन्ही एकाच वेळी झालं की बोल्ट सांध्याला तिरपा ढकलतो, आतली रबरी कडी उघडते, हवा निघून जाते. दाब सुटला की सांधा पुन्हा जागेवर, जसं काही झालंच नाही.

तिने मान वळवली. थोरला तिच्या मागे वाकून उभा होता. त्यालाही दिसलं होतं. त्याने आयुष्यात कधी बोल्टाचं शेपूट बाहेर ठेवलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या कपड्याला लागेल म्हणून प्रत्येक बोल्ट नटाच्या पातळीत कापून, घासून द्यायचा. हा घरचा होता. कॅरियर बसवलं त्या दिवशी आखूड बोल्ट मिळाला नव्हता. नंतर कापू, म्हणून राहिला होता.

तो उठला आणि शेडमध्ये गेला. परत आला तो हातात करवतपातं घेऊन.

"कापू नका," मिस्त्रीण म्हणाली.

"कापायलाच हवा ना."

"आधी बघायचं. माझा अंदाज आहे, अजून सिद्ध कुठे झालंय?"

 तिने सांगितलं तसं धाकट्याने पट्ट्याने गाडीचा मागचा भाग जमिनीकडे ओढून दाबला आणि सांध्यावर फेस लावला. "आता तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. "पेटीवर दोन्ही हात ठेवा आणि दाबा."

थोरल्याने हात ठेवले. क्षणभर नुसतेच ठेवले. मग वजन टाकलं.

सांध्याभोवतीचा फेस थरथरला आणि फुगला. आधी एक मोठा बुडबुडा, मग फसफसून पांढरा गोळाच. थोरल्याने हात उचलले. फेस निवला. त्याने, कुणी न सांगता, पुन्हा दाबलं. पुन्हा फसफस.

मिस्त्रिणीच्या अंगातून काहीतरी उतरलं. दोष तिच्या सीलचा नव्हता. तिला हलकं वाटलं, आणि नवऱ्याचा चेहरा समोर असताना आपल्याला हलकं वाटतंय, याची तिला त्याच क्षणी लाजही वाटली.

"माझा बोल्ट," थोरला म्हणाला. "अरे, माझा बोल्ट होता."

धाकटा उठला. हात फडक्याला पुसले. इतके दिवस खाली मान घालून ऐकणारा तो माणूस आता भावाकडे सरळ बघत होता. "बोल्टाचं काही नाही, दादा. बोल्ट कुणाचाही राहतो. पण हवा मीच सोडली असेल, हे तुझ्या मनात आलं कसं?"

थोरल्याने खाली ठेवलेलं करवतपातं उचललं.

"वहिनींना मी रस्त्यावरून उचललं. त्यांचा हात माझ्या हातात लोंबत होता. आणि त्यानंतर मी काय केलं असेल, तर गाडीची हवा सोडली?" तो थांबला. "हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस," थोरला म्हणाला.

धाकटा वर गेला. जिन्यावरची त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा थोरल्याने करवतपातं बाकावर ठेवलं आणि बायकोजवळ जमिनीवर बसला. 

"सील माझं निघालं असतं," मिस्त्रीण म्हणाली, "तर मला काय म्हणाला असतात?"

"काही नाही. म्हटलंच ना मघाशी."

"हो. लगेच म्हणालात. विचारही केला नाहीत." तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "मग भावजींवरच संशय का?"

तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला. "लहानपणापासून त्याचं काही झालं की मलाच विचारायचे सगळे," तो शेवटी म्हणाला. "कुठे पडला, काय मोडलं, तू कुठे होतास. सवयच लागली. काही झालं की आधी तोच दिसतो."

"हे मला सांगून काय उपयोग?"

तो उठला. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला, थांबला, मागे वळून तिच्याकडे पाहिलं.  मग तो वर गेला.

 वरून धाकट्याचा चढलेला आवाज आला, बराच वेळ. मग थोरल्याचा, अगदी हळू. धाकटा त्या आठवड्यात गेला तो गेलाच; मित्राच्या शेजारची खोली त्याने घेतली. पण बॅग खाली आणली ती थोरल्याने, आणि टेम्पोत बॅगेशेजारी बसून खोलीपर्यंत गेलाही तोच. परत आला तेव्हा मिस्त्रिणीने विचारलं, खोली कशी आहे?

"खिडकी नीट लागत नाही," थोरला म्हणाला. "उद्या माप घ्यायला बोलावलंय त्याने."

आणि शेडमध्ये जाऊन तो मोजपट्टी शोधायला लागला.